धूळ अडवायची, मग तेल कशाला?

प्रश्न : मी मूळची बेळगावची. नोकरीमुळे गेली काही वर्षं बंगळुरूत राजाजीनगरला राहते आणि रोज मोटारसायकलवरून पीण्याला जाते. आमचा गॅरेजवाला प्रत्येक सर्व्हिसिंगला एअर फिल्टर काढतो, कॉम्प्रेसरने हवा मारतो आणि परत बसवून देतो. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत मात्र लिहिलंय की फिल्टर साफ करू नका, ठरल्या किलोमीटरला बदला. बाबांचं तिसरंच. त्यांच्या जुन्या गाडीचा स्पंजचा फिल्टर ते रॉकेलमध्ये धुतात, वाळवतात, मग इंजिन ऑइलमध्ये बुडवून, पिळून बसवतात. धूळ अडवायच्या वस्तूला तेल कशाला? तिघांपैकी बरोबर कोण? आणि जाता जाता आणखी दोन शंका : फिल्टर काढूनच टाकला की पिकअप वाढतो असं ऑफिसातली मुलं सांगतात, ते खरं का? पावसात अंडरपासच्या पाण्यातून गाडी काढली तर फिल्टरचं काय होतं?
— एक वाचक, राजाजीनगर, बंगळुरू

उत्तर : तुमचे बाबा बरोबर आहेत आणि पुस्तिकाही बरोबर आहे. वरवर दोघांचं म्हणणं उलट दिसतं, पण दोघांच्या मुळाशी ते तेलच आहे. गॅरेजवाल्याची पद्धतही निराधार नाही. ती एका तिसऱ्या प्रकारच्या फिल्टरची पद्धत आहे आणि तो प्रकार तुमच्या गाडीत नाही. म्हणून आधी तेलाचं बघू.

फिल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिठाची चाळण येते : भोकापेक्षा मोठा कण वर अडकतो, लहान खाली पडतो. हवेचा फिल्टर असं काम करत नाही. बाबांच्या स्पंजची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि जी धूळ इंजिनाचा घात करते तिचा कण केसाच्या जाडीच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढा असतो. चाळणीच्या हिशेबाने तो सरळ पार व्हायला हवा. त्याला अडवतं ते वळण. हवा स्पंजच्या किंवा कागदाच्या तंतूंमधून नागमोडी वाट काढत जाते. हवेला वळता येतं, पण धुळीचा कण तिच्या मानाने जड, त्याला त्या वेगात वळता येत नाही. तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. आता प्रश्न एवढाच उरतो, की आदळलेला कण तिथे राहणार की उसळून पुढे जाणार. तंतू कोरडा असेल तर बरेच कण सुटतात. तंतूवर तेलाचा पातळ थर असेल तर चिकटतात. म्हणजे स्पंजमध्ये धूळ पकडण्याचं काम मुख्यतः तेलच करतं आणि स्पंज त्या तेलाला पसरायला जागा देतो. तेल न लावता बसवलेला स्वच्छ, कोरडा स्पंज दिसायला छान असतो, पण बारीक धूळ त्यातून बिनबोभाट आत जाते.

आता तुमची गाडी. पुस्तिकेत साफ करू नका असं स्पष्ट छापलंय, म्हणजे तुमच्या गाडीत बहुधा तेल मुरवलेल्या कागदाचा फिल्टर आहे. होंडाच्या आणि इतरही अनेक गाड्यांत तो असतो, पुस्तिकेत त्याला ‘व्हिस्कस’ म्हटलेलं असतं. घड्या घातलेला कागद कारखान्यातच तेलात भिजवलेला असतो. बाबा जे काम हाताने करतात तेच इथे आधी करून दिलेलं आहे. यात आणखी एक खुबी आहे आणि मला ती फार आवडते. कागदावर धूळ बसली की तेल त्या धुळीतही झिरपतं. त्यामुळे बसलेली धूळही ओलसर होते आणि पुढच्या कणाला धरायला तयार होते. फिल्टर काळा पडत जातो तरी काम करत राहतो. पुस्तिकेत जे किलोमीटर दिलेले असतात ते या तेलाचा आणि या कागदाचा हिशेब करून दिलेले असतात.

अशा कागदावर कॉम्प्रेसरची हवा मारली की काय होतं ते आता वेगळं सांगायला नको. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा दाब सहसा सहा-सात किलोच्या घरात असतो आणि नळीचं तोंड कागदाला जवळजवळ टेकवलेलं असतं. वरवरची धूळ उडते, पण तेल विस्कटतं, घडीच्या कडेला कागद फाटतो. ती चीर इतकी बारीक असते की उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही. हवा उलट बाजूने मारली गेली तर धूळ कागदाच्या स्वच्छ अंगाला जाऊन बसते आणि गाडी सुरू केल्यावर पहिल्या दमात इंजिनात जाते. फिल्टर मळलेला असतो तेव्हा यातलं काही होत नाही. हे सगळं तो ‘साफ’ केल्यावर होतं.

गॅरेजवाल्याचा हात मात्र एका खऱ्या अनुभवातून तयार झालेला असतो. काही गाड्यांत कोरड्या कागदाचा फिल्टर असतो आणि त्यातल्या काहींच्या पुस्तिकेत हलक्या दाबाने, आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूकडून धुळीच्या बाजूकडे हवा मारायला सांगितलेलं असतं. दिवसभरात दहा गाड्या हाताखालून जाणारा माणूस सगळ्यांना तेच करतो. त्याच्याशी वाद घालू नका. पुस्तिकेचं ते पान उघडून दाखवा आणि म्हणा, “अण्णा, हा तेलाचा कागद आहे, याला हवा नको, वेळ झाली की नवा घालू.” चांगला मेकॅनिक ऐकतो. फिल्टर कोणत्या जातीचा हे ओळखायची घरगुती खूण म्हणजे नवा असताना तेलाचा कागद गडद रंगाचा असतो आणि टिश्यू पेपर टेकवला तर त्यावर तेलकट डाग उमटतो. कोरडा कागद फिका आणि हाताला कोरडा लागतो. शंका आली तर शेवटचा शब्द पुस्तिकेचा.

कोरड्या कागदाबद्दलही एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या स्वच्छतेच्या सवयीला पटत नाही. नवा कोरा फिल्टर जेवढी धूळ अडवतो त्यापेक्षा थोडा वापरलेला फिल्टर जास्त अडवतो. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच बारीक कण पकडू लागतो. सारखा साफ करून आपण तो थर काढतो आणि फिल्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावतो. शिवाय प्रत्येक वेळी फिल्टरचं खोकं उघडताना कडेची थोडी धूळ आत सांडायची भीती असतेच. फिल्टर किती काळा दिसतो यावरून तो संपला असं ठरवता येत नाही. त्यातून हवा ओढायला इंजिनाला किती जोर लागतो, ही त्याची खरी परीक्षा. मोठ्या ट्रकना, खोदाईच्या यंत्रांना त्यासाठी एक छोटा दर्शक असतो, ओढ ठरावीक हद्दीपलीकडे गेली की त्यात लाल पट्टी दिसते. मोटारसायकलला ती सोय नाही, म्हणून आपण किलोमीटर मोजतो.

किलोमीटर मोजताना हवेचाही हिशेब करून बघा, तो थक्क करणारा आहे. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. १ लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलोला थोडं कमी, तेव्हा त्याला जवळपास ११ किलो हवा हवी. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच, तिथली हवा मुंबईपेक्षा विरळ. त्यामुळे ही ११ किलो हवा तिथे सुमारे १०,००० लिटर जागा व्यापते. तुमची गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर प्रत्येक किलोमीटरला ती २०० लिटर हवा ओढते आणि १६,००० किलोमीटरमध्ये ३२ लाख लिटर. एका घनमीटर हवेत फक्त १ मिलिग्रॅम धूळ धरली तरी तीन ग्रॅमच्या वर धूळ फिल्टरपर्यंत येते. खोदलेल्या रस्त्यावर बसच्या मागे चालताना हे प्रमाण बरंच वाढतं.

आणि धूळ कुठली, हेही महत्त्वाचं. इथे तुमच्या राजाजीनगरची गोष्ट बेळगावपेक्षा वेगळी होते. बंगळुरूच्या खाली जो खडक आहे तो नाइस जातीचा, जगातल्या फार जुन्या खडकांपैकी एक. बंगळुरूच्या लालबागेत जो उघडा खडकाळ माथा आहे, ज्याच्यावर केंपेगौडांचा मनोरा उभा आहे, तो हाच, वय सुमारे ३ अब्ज वर्षं. या खडकात क्वार्ट्झ भरपूर. खडक झिजून लाल माती झाली तरी क्वार्ट्झचे कण तसेच टोकदार राहतात. बेळगावकडच्या, दख्खनच्या काळ्या पाषाणात मोकळा क्वार्ट्झ जवळपास नसतो. मोहच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झ ७ वर आहे, काळ्या पाषाणातली मुख्य खनिजं ५ ते ६ च्या आसपास. सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा क्वार्ट्झ कठीण आहे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो. त्यापेक्षा थोडा मोठा, पाच ते वीस मायक्रॉनचा कण तिथे शिरला की दोन्ही अंगांना एकाच वेळी ओरखडतो. म्हणून बेळगावच्या गाडीला जी हयगय चालून जाईल ती बंगळुरूत चालेलच असं नाही.

त्यात तुमचा रोजचा रस्ता. राजाजीनगरला लागूनच औद्योगिक वसाहत, पुढे तुमकूर रोडवर ट्रकांची रांग, पलीकडे पीण्या. तिथे लेथ आणि ग्राइंडिंगची छोटी वर्कशॉप दाटीने उभी आहेत आणि ग्राइंडिंगच्या चाकांची पूड तर क्वार्ट्झपेक्षाही कठीण असते. टेरी या संस्थेने २०१० साली बंगळुरूच्या हवेतल्या सूक्ष्म धुळीचा जो हिशेब मांडला त्यात रस्त्यावरून पुन्हा उडणाऱ्या धुळीचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा आणि बांधकामाचा त्याच्या खालोखाल होता. तुमच्या जवळचा ओरायन मॉल ज्या जागेवर उभा आहे तिथे पूर्वी किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. जुने कारखाने पाडून मॉल आणि टॉवर उभे राहण्याची ही प्रक्रिया त्या पट्ट्यात अजून संपलेली नाही, आणि प्रत्येक पाडकामाची धूळ रस्त्यावरच येते. तेव्हा पुस्तिकेत १६,००० किलोमीटर लिहिलं असेल तर तुम्ही दहा-बारा हजारांना फिल्टर बदला. ‘धुळीच्या भागात लवकर बदला’ अशी ओळ पुस्तिकेतच असते, ती तुमच्यासाठी आहे. छोट्या गाड्यांचा फिल्टर दोन-चारशे रुपयांत येतो. बोअर-पिस्टनचं काम निघालं तर त्याच्या कित्येक पट खर्च. जे. सी. रोडवर सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे, पण नावाजलेल्या कंपनीच्या डब्यात नकली फिल्टरही मिळतो. डब्यावरचा होलोग्राम आणि भाग-क्रमांक पुस्तिकेशी ताडून घ्या. नकली फिल्टरचा कागद बरा असला तरी कडेचं रबर नीट बसत नाही, आणि धूळ कागदाला वळसा घालून जाते.

बसवताना खरी काळजी या कडेचीच. स्क्रू काढून खोकं उघडलं की आधी ओल्या फडक्याने आतली धूळ टिपून घ्या, हवा मारू नका. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत स्वच्छ कापडाचा बोळा धरून ठेवा म्हणजे काही आत पडणार नाही, आणि शेवटी तो काढायला विसरू नका. त्या नळीच्या आत बोट फिरवून बघा. बोटाला बारीक लाल पूड लागली तर धूळ फिल्टर चुकवून जातेय, मग फिल्टर कितीही नवा असो. रबराची कड फाटली आहे का, झाकणाचा एखादा स्क्रू गायब आहे का, नळीची क्लिप सैल आहे का, ते शोधा. माझ्या मते दर सर्व्हिसिंगला फिल्टरचं जर काही करायचंच असेल तर एवढंच.

बाबांच्या पद्धतीत दोनच गोष्टी सुचवीन. रॉकेल आता सहज मिळत नाही म्हणून पेट्रोल वापरायचा मोह होतो, तो टाळावा. त्यात आगीची भीती आहे आणि स्पंजचे जोड सुटतात. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण चालतो, मात्र स्पंज सावलीत पूर्ण वाळू द्यायचा. आणि पिळताना मुरगळायचा नाही, दोन तळव्यांत दाबायचा. तेल सगळीकडे लागलं पाहिजे, पण ठिबकता कामा नये. हे ते कदाचित तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही चांगलं जाणत असतील.

फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज किती वाढेल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण गॅरेजमध्ये ते हमखास सांगितलं जातं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यात तथ्य आहे. फिल्टर तुंबला की कार्ब्युरेटरच्या गळ्यातली ओढ वाढते, जेटमधून पेट्रोल जास्त येतं, प्लग काळा पडतो. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे. सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त होतं. हवा कमी आली की पेट्रोलही कमी. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली मोटारींवर ही चाचणी घेतली. इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने इंधनाच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, वेग पकडायला मात्र वेळ लागला. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत इंधनातही थोडा फरक दिसला. तेव्हा कॉर्ड रोडच्या फ्लायओव्हरवर चढताना गाडी पूर्वीसारखी उचलत नाही असं वाटलं तर फिल्टरकडे बघा. ॲव्हरेज पडलं असेल तर आधी टायरमधली हवा आणि चेन बघा.

फिल्टर काढून टाकण्याबद्दल. मुलांना पिकअप वाढल्यासारखा वाटतो कारण आवाज वाढतो. फिल्टरचं खोकं हवा ओढण्याचा आवाज दाबतं, आणि इंजिनाला ठरावीक ओढीने हवा मिळावी म्हणून त्याचा आकार मोजूनमापून केलेला असतो. ते उघडं टाकलं की कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण बिघडतं, गाडी तापते, आणि क्वार्ट्झ थेट आत. किती लवकर नुकसान होतं याचं एक नोंदलेलं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं. १९४२ साली सोव्हिएत संघाने आपला टी-३४ रणगाडा तपासणीसाठी अमेरिकेला, अ‍ॅबरडीनच्या चाचणी मैदानावर पाठवला. ३४३ किलोमीटर चालल्यावर त्याचं इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलं. धुळीने पिस्टन आणि सिलिंडर खाऊन टाकले होते आणि अमेरिकी तपासनिसांनी दोष ठेवला तो हवेच्या फिल्टरवर. तिथे निदान फिल्टर होता तरी. ऑफिसातल्या मुलांना हे जरूर सांगा.

आता पाणी. बंगळुरूत पाऊस मे महिन्यापासून थेट ऑक्टोबरपर्यंत झोडपतो आणि अंडरपास तासाभरात भरतात. हवेच्या खोक्याचं तोंड बहुतेक मोटारसायकलींना सीटखाली असतं, त्यामुळे चाकाच्या आसापर्यंतच्या पाण्यातून हळू, एका लयीत गाडी काढली तर सहसा काही होत नाही. शेजारून बस गेली आणि लाट सीटपर्यंत आली, तर मात्र पाणी खोक्यात जाऊ शकतं. खोक्याच्या तळाला बोटभर लांबीची एक रबरी नळी असते, खाली बूच लावलेलं. ते बूच काढून बघा. थोडं काळपट तेल निघालं तर घाबरू नका, इंजिनाच्या श्वासनळीतून येणारी तेलाची वाफ तिथे साठते. फार तेल निघालं तर इंजिनात ऑइल जास्त भरलंय का ते तपासा. आणि पाणी निघालं तर खोकं उघडा. भिजलेला कागदी फिल्टर वाळवून वापरू नका. कागद फुगतो, घड्या एकमेकांना चिकटतात, तेल धुऊन जातं. तो बदलायचाच.

गाडी पाण्यातच बंद पडली तर सेल्फ मारू नका, किकही नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, आणि पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत कोरड्या जागी आणा, प्लग काढायला लावा, प्लगशिवाय किक मारून आत पाणी असेल तर ते बाहेर येऊ द्या. मग ऑइल बघा. ते दुधाळ दिसलं तर इंजिन सुरू न करता ऑइल बदला, नवा फिल्टर घाला आणि मगच सेल्फला हात लावा.